पट्टी सगळ्यांची, हिशोब सगळ्यांसमोर: दुभंगलेलं गाव बोलतं करण्याचं एक वर्ष

ज्या गावाबद्दल हे लिहितोय ते बीड आणि जालना जिल्ह्यांच्या सीमेवरचं, सव्वादोनशे-अडीचशे उंबऱ्यांचं. नाव देत नाही, कारण काही गोष्टी अजून नाजूक आहेत आणि नाव आलं की माणसं ओळखू येतात. मराठा आणि वंजारी घरं जवळपास सारखी, त्याखालोखाल धनगर आणि माळी, पूर्वेला बौद्ध आणि मातंग वस्ती, वेशीजवळ मुस्लिम घरं. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. जून २०२४ मध्ये तिथून जवळच वडीगोद्रीत, मराठ्यांना ओबीसींतून आरक्षण नको म्हणून, ओबीसींचं उपोषण झालं. मधे लोकसभेची निवडणूक होऊन ४ जूनला निकाल लागला. या नऊ-दहा महिन्यांत आमच्याकडं दगड उचलला गेला नाही, पण गाव आतून चिरलं. ते पुन्हा बोलतं व्हावं म्हणून काय केलं, कशाला किती वेळ आणि पैसा लागला, कुठं अडलं, हे क्रमानं लिहितो. आसपासच्या बऱ्याच गावांची हीच गत आहे, त्यांना उपयोग व्हावा एवढाच हेतू.

जून ते ऑगस्ट २०२४: आधी यादी

पहिला सल्ला सगळे एकच देत होते: मोठा सर्वजातीय मेळावा घ्या, पुढाऱ्यांना बोलवा. तो आम्ही जाणीवपूर्वक टाळला. मेळाव्यात बोलतात ते आधीच बोलणारे. बाकीचे टाळ्या वाजवून घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी किराणा घ्यायला पुन्हा आपल्याच जातीच्या दुकानात जातात. शिवाय मंच आला की हार, सत्कार, फ्लेक्सवरचा फोटो आणि तो कुणाच्या शेजारी, हे सगळं येतं. तेवढ्यावरून नवं भांडण उभं राहतं.

त्याऐवजी एक वही केली आणि तिच्यात गावात काय बंद पडलं तेवढंच लिहिलं. कोण चुकलं हा रकाना ठेवलाच नाही. दोन किराणा दुकानांची उधारी तुटली. न्हाव्याकडची निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या गावी जाऊ लागली. दूध संकलन केंद्र एक होतं त्याची दोन झाली. गिरणीवर दळण देणं थांबलं. बटईनं दिलेल्या काही जमिनी काढून घेतल्या गेल्या. लग्नपत्रिका घरात पोचेनाशी झाली, तेराव्याला माणसं कमी दिसू लागली. सप्ताहाची पट्टी (वर्गणी) दोन गटांनी वेगळी जमवायचं घाटत होतं. मुलांच्या कबड्डी संघाचेही दोन संघ झाले.

अशी यादी कुणालाही करता येते आणि ती करावीच. जातीवर चर्चा सुरू केली की माणसं भूमिका घेतात. गिरणी, दूध आणि बटई यांवर बोललं की आपलं नुकसान सांगू लागतात. पुढच्या सगळ्या बैठका या यादीवरच झाल्या.

वेगवेगळ्या बैठका आणि त्यांचे नियम

यादी हातात घेऊन आधी प्रत्येक गल्लीत आणि वस्तीत वेगळं बसलो. या टप्प्याला पावसाळ्याचे जवळजवळ तीन महिने गेले आणि तो वगळायचा मोह अनेकांना झाला. पण राग आधी आपल्या माणसांत बाहेर पडला नाही तर तो संयुक्त बैठकीत पडतो, आणि तिथं पडलेला शब्द मागे घेता येत नाही.

जागा फार महत्त्वाची. देऊळ, मशीद, समाजमंदिर, सरपंचाचा वाडा किंवा कुणाची ओसरी यांतलं काहीच चालत नाही. प्रत्येक जागेला मालक असतो आणि बाकीचे तिथं पाहुणे होतात. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली घेतली. त्यासाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्या नावे अर्ज, शाळेची वेळ सोडून वापर, झाडलोट आमची आणि राजकीय भाषण नाही अशी हमी, एवढं लागलं. वेळ धारा काढून झाल्यावर, रात्री आठ ते साडेनऊ. आठवडी बाजाराचा दिवस आणि अमावस्या सोडून. खुर्च्या नाहीत, सगळे सतरंजीवर.

बायकांची बैठक वेगळी, दुपारी दोननंतर. तिथं जे कळलं ते पुरुषांच्या बैठकीत कधीच आलं नसतं. खुरपणीच्या टोळ्या जातीप्रमाणं फुटल्या होत्या, त्यामुळं काही बायांना ऐन हंगामात रोज मिळत नव्हता. बचत गटाचे हप्ते थकले होते, कारण गटातल्याच दोघींच्या घरांत बोलणं नव्हतं. पुढं गाव जोडण्याची खरी सुरुवात या बचत गटांतूनच झाली.

बैठक चालवायला दोन माणसं बाहेरून आणली: शेजारच्या तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक आणि एक निवृत्त परिचारिका. निवडताना चार गोष्टी पाहिल्या. पक्षाचं पद नको, गावात सावकारी किंवा जमिनीचा व्यवहार नको, दोन्ही बाजूंच्या कुणाशी सोयरीक नको, आणि आवाज न चढवता माणसाला थांबवता आलं पाहिजे. मानधन दिलं नाही, पेट्रोलचे पैसे दिले.

नियम फळ्यावर लिहिलेले असायचे. मोबाइल बाहेरच्या टोपलीत. फोटो आणि रेकॉर्डिंग बंद. एकानं तीन मिनिटं बोलायचं. पहिल्या फेरीत कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही. ‘तुमचे लोक’ असं न म्हणता स्वतःवर काय बेतलं ते सांगायचं. आणि सगळ्यात कामाचा नियम: आरक्षण कुणाला किती मिळावं यावर इथं चर्चा नाही. तो निर्णय सरकार आणि न्यायालयं करतील. प्रत्येकानं आपली मागणी, आपलं आंदोलन चालू ठेवावं, त्यासाठी मुंबईला जावं किंवा वडीगोद्रीला. या खोलीत बोलायचं ते गिरणी, दूध, पट्टी आणि तेरावं यांवर. हा नियम नसता तर एकही बैठक अर्ध्या तासापलीकडं टिकली नसती. मागणी सोडायला कुणी सांगत नाही हे एकदा पटलं की माणसं सैल होतात.

आणखी एक मर्यादा पहिल्याच दिवशी सांगितली. कुणाची पोलिसांत तक्रार असेल, विशेषतः ॲट्रॉसिटीचा (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा) गुन्हा असेल, तर तो या बैठकीत येणार नाही. तो गुन्हा गावानं बसून मिटवायचा नसतो, त्याचा निकाल न्यायालयात लागतो. सलोख्याच्या नावाखाली फिर्यादीवर गुन्हा मागं घेण्याचा दबाव आणला की वस्तीचा विश्वास कायमचा जातो, आणि तो जाणं रास्तच आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसावर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं, नुसती तशी धमकी देणं, हासुद्धा याच कायद्याखाली गुन्हा आहे. हे सांगितल्यावर ‘अमक्यांना कामाला लावू नका’ असं बोलणारे थोडे जपून बोलू लागले.

ऑक्टोबर–नोव्हेंबर २०२४: आचारसंहिता आणि अफवा

ऑक्टोबरच्या मध्यात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळ्या बैठका थांबवल्या. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. या काळात बैठक घेतली असती तर ती कुणाच्या तरी प्रचाराचा भाग ठरली असती. ज्यांना असं काम सुरू करायचं आहे त्यांनी निवडणुकांचं वेळापत्रक आधी पाहावं आणि मतदानाच्या आगेमागे निदान दीड महिना मोकळा सोडावा.

या काळात केलं ते एकच काम, अफवांची खातरजमा. प्रत्येक गल्लीतून दोन माणसं घेतली, त्यांत एक बाई किंवा कॉलेजात जाणारी मुलगी असायचीच. त्यांचे नंबर एका कागदावर छापून घरोघर दिले. स्वतंत्र व्हॉट्सॲप ग्रुप काढला नाही, कारण ग्रुप म्हणजे अफवेला आणखी एक रस्ता. पद्धत साधी. काही कानावर आलं किंवा मोबाइलवर आलं तर ज्या गल्लीबद्दल आहे तिथल्या माणसाला थेट फोन करायचा. तो स्वतः जाऊन पाहणार आणि पंधरा-वीस मिनिटांत उलट फोन करणार. तोवर पुढं पाठवायचं नाही. खोटं निघालं तरी ग्रुपवर खुलासा टाकायचा नाही, कारण खुलाशात पुन्हा जातीचं नाव येतं आणि ज्यांनी मूळ मजकूर पाहिलेला नसतो तेही तो शोधायला लागतात. ज्यांच्याकडं पोचला असेल त्यांना एकेक करून फोन.

डिवचणारं स्टेटस दिसलं तर आधी नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. मग त्या मुलाच्या घरच्या वडीलधाऱ्याला त्याच्याच गल्लीतल्या माणसानं भेटायचं, दुसऱ्या गल्लीतल्यानं जायचं नाही. बहुतेक स्टेटस तासाभरात निघायची. मजकूर खरोखर चिथावणीचा असेल तर पोलीस पाटलामार्फत ठाण्यात कळवायचं. दोन समाजांत वैर वाढवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. आणि माणसं जमायला लागली असतील तर वाट न पाहता ११२.

जानेवारी २०२५: एकत्र बसणं आणि ग्रामसभा

पहिली संयुक्त बैठक संक्रांतीच्या आसपास झाली. प्रत्येक गल्ली-वस्तीतून तीन माणसं, त्यांत एक बाई आणि एक तिशीच्या आतला. गावातले पुढारी नकोत असं म्हटलं नाही, पण तिघांत एकच पदाधिकारी चालेल असं ठरवलं. चहा कोणाच्या घरचा, हा प्रश्न आमच्या भागात अजूनही छोटा नाही. म्हणून पहिल्या वेळी शाळेतच चूल मांडली. पुढच्या वेळेपासून पाळी लावली आणि पहिली पाळी मातंग वस्तीची ठेवली. दोघंजण चहा न घेता बसले. त्यांना कुणी काही म्हटलं नाही. पुढं एकानं घ्यायला सुरुवात केली, दुसऱ्यानं अजून घेतलेला नाही.

यादीतल्या सोप्या गोष्टी आधी घेतल्या. कबड्डीचा संघ एक करायला विरोध झालाच नाही. गिरणी आणि न्हावी यांचं हळूहळू सुरळीत झालं. दूध केंद्रं मात्र दोनच राहिली, कारण त्यात आता दोन वेगळ्या डेअऱ्यांचे पैसे अडकले होते. ते तसंच सोडून पुढं गेलो. सगळंच पूर्वीसारखं करायचा हट्ट धरला तर पैशाच्या गाठीपाशी सगळं अडतं.

मग ग्रामसभा. आपल्याला हवा तो विषय विषयपत्रिकेवर यायचा असेल तर सूचना निघायच्या आधी, म्हणजे निदान पंधरवडाभर आधी, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात) यांना लेखी अर्ज द्यावा लागतो. दोन प्रतींत द्यावा आणि एकीवर पोच घ्यावी. सभेची सूचना सात दिवस आधी निघते. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी असेल तेवढी माणसं लागतात. आमच्याकडं २६ जानेवारीच्या सभेला एरवी माणूस फिरकत नाही, पण बचत गटांनी घरोघर निरोप दिल्यामुळं गणपूर्ती झाली.

तीन ठराव झाले. वेस, शाळा आणि पाण्याच्या टाकीवर कुणाचाही फ्लेक्स किंवा झेंडा लागणार नाही. इतरत्र लावायचा तर सर्वांना एकच आकार, जयंती-सणाच्या आधी दोन दिवस आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काढायचा. गावच्या कोणत्याही सार्वजनिक कार्यक्रमाची पट्टी सर्व घरांकडून घ्यायची आणि हिशोब चावडीवर लावायचा. आणि तंटामुक्त समितीची नव्यानं रचना. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली तेव्हा आमच्याकडंही समिती झाली होती, नंतर ती कागदावर उरली. नवं मंडळ काढण्यापेक्षा असलेली समिती जागी करणं सोपं, कारण तिला पोलीस ठाणं ओळखतं.

यातला पट्टीचा ठराव सगळ्यात मोठा, आणि त्यावरच सगळ्यात जास्त वेळ गेला. वर्षानुवर्षं सप्ताहाची पावती दलित वस्तीत फाडली जात नव्हती. ‘गरीब आहेत, कशाला मागायचं’ असं कारण दिलं जायचं. पण ज्याची पावती नाही त्याला हिशोब विचारता येत नाही. तारीख कोणती, कीर्तनकार कोण, पंगत कशी, यात त्याचा शब्द चालत नाही. त्याला जेवायला बोलावलं जातं, तेही शेवटच्या पंगतीला. वर्गणी न मागणं हाही बाहेर ठेवण्याचाच प्रकार आहे. एका पंगतीत जेवलो म्हणून गाव एक होत नाही. पैसा कुठं खर्च करायचा हे एकत्र ठरवलं की व्हायला लागतं. वर्षभर केलेलं जे काही टिकलं, ते या एका गोष्टीमुळं टिकलं असं आमचं मत आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल

१९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि १४ एप्रिलची भीमजयंती ‘संयुक्त’ करायचा आग्रह धरला नाही. ज्याची जयंती तोच करील, बाकीच्यांनी आपल्या दारावरून मिरवणूक जाताना पाण्याची सोय करायची, एवढंच ठरलं. मिरवणुकीचा मार्ग लेखी, कुठं किती मिनिटं थांबायचं तेही लेखी. साउंडवर वाजणाऱ्या गाण्यांची यादी आधी दोन्ही बाजूंच्या मुलांनी ऐकायची. वाद नव्वद टक्के गाण्यावरून आणि ठरावीक घरासमोर थांबण्यावरून होतात.

मार्चमध्ये, रमजानात, इफ्तार ठेवला. हिंदूंनी इफ्तार करायचा असेल तर काही गोष्टी लक्षात घ्याव्यात. वेळ मिनिटाला बांधलेली असते (आमच्याकडं मार्चच्या मध्यात साडेसहाच्या सुमारास), म्हणून त्याआधी भाषण नको. माणसं दिवसभर पाण्याविना असतात. खजूर, पाणी, टरबूज, केळी आधी मांडून ठेवावं. रोजा सुटला की लगेच मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज असते, तिला पश्चिमेकडं तोंड करून ओळीनं उभं राहता येईल अशी झाडलेली जागा आणि वजूला (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुवायला) पाण्याचा नळ लागतो. जेवण आणि बोलणं त्यानंतर. फोटोसाठी टोपी घालणारे पुढारी आम्ही बोलावले नाहीत.

मे: तलावातला गाळ

एकत्र खाण्याआधी एकत्र काम झालं तर खाण्याला अर्थ येतो. गावच्या पाझर तलावात गाळ साचला होता. पावसाळ्याआधी तो काढला तर पाणी वाढतं आणि शेताला गाळ मिळतो. शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे, पण तिचा प्रस्ताव वेळेत झाला नाही. म्हणून परवानगी घेऊन लोकवर्गणीतून थोडं काम केलं. जेसीबी तासाला बाराशे ते पंधराशे रुपये, ट्रॅक्टर आणि डिझेल ज्याचं त्यानं.

गाळात भांडण ठरलेलं असतं: आधी कोण नेणार आणि किती खेपा. त्यावर चिठ्ठ्या टाकून टोकन दिले, आणि जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत दोन वेगळ्या गल्ल्यांतले शेतकरी, खेप एकाआड एक दोघांच्या शेतात. पहिल्या दोन दिवशी कुरबुर झाली. मग एकाचा ट्रॅक्टर बिघडला की दुसऱ्याचा यायला लागला. ज्यांना जमीनच नाही त्यांना गाळाचा काय उपयोग, हा प्रश्न बौद्ध वस्तीतून आला आणि तो बरोबर होता. म्हणून टोकन आणि खेपांची नोंदवही सांभाळायचं काम भूमिहीन घरांतल्या मुलांना रोजंदारीवर दिलं, आणि पहिल्या दिवसाच्या जेसीबीनं वस्तीच्या स्मशानभूमीकडं जाणाऱ्या रस्त्याला मुरूम टाकला. सामाईक काम निवडताना ते जमीनवाल्यांपुरतं सामाईक नाही ना, हे तपासावं.

६ जुलै २०२५: एकादशी आणि आशुरा

हिजरी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळं मुस्लिम सण दरवर्षी मागं सरकतात आणि कधी ना कधी आपल्या सणांवर येतात. २९ जून २०२३ ला आषाढी आणि बकरी ईद एका दिवशी आली होती, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी केली नाही. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली, तेव्हा बऱ्याच शहरांत जुलूस दुसऱ्या दिवशी निघाला. २०२५ मध्ये आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी म्हणजे आशुरा, दोन्ही ६ जुलैला, रविवारी. चंद्रदर्शनानं एक दिवस इकडंतिकडं होऊ शकतं, म्हणून दोन्ही तारखा धरून तयारी करावी लागते.

सकाळी गावात दिंडी निघते. मोहरमची सवारी (पंजांची मिरवणूक) आदल्या रात्री आणि दहावीच्या संध्याकाळी. आमच्याकडं अलावा (मोहरमच्या खड्ड्यातला जाळ) पेटवायचा मान जुन्या काळापासून एका माळी घराकडं आहे. पण आता मुस्लिम तरुणांत सवारी काढावी की नाही यावरच दोन मतं आहेत. त्यात हिंदूंनी ‘आमची परंपरा आहे, काढाच’ म्हणणं योग्य नव्हतं. तो निर्णय त्यांचा त्यांनी केला: सवारी निघेल, पण साध्या पद्धतीनं.

पोलीस ठाण्यात अर्ज तीन आठवडे आधी दिला. त्यात लागतं ते असं: दोन्ही मिरवणुकांचा मार्ग एकाच नकाशावर, निघायची आणि संपायची वेळ, ध्वनिक्षेपकाची माहिती, स्वयंसेवकांची नावं आणि नंबर, ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र. पोच त्याच दिवशी मिळाली, परवानगीला दहाएक दिवस लागले. ठाण्याचं म्हणणं होतं, एक मिरवणूक पुढं ढकला. दोन्ही गटांच्या सह्यांचं पत्र देऊन सांगितलं की दिंडी सकाळी सात ते दहा, सवारी साडेपाचनंतर, मधे साडेसात तासांचं अंतर, आणि प्रत्येक वळणावरचे स्वयंसेवक मिश्र. ते मान्य झालं. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा नियम आहेच. आम्ही तो आदल्या रात्रीही वापरला नाही.

खरी सोय निघाली उपवासातून. आशुराला अनेक मुस्लिम रोजा ठेवतात, एकादशीचा उपवास तर घरोघर. रोजा सूर्यास्ताला, सात वाजून काही मिनिटांनी सुटणार. एकादशी सुटणार द्वादशीला सकाळी. म्हणजे संध्याकाळी फराळाचे पदार्थ दोघांनाही चालतात. तेच ठरलं: शाळेच्या मैदानात खजूर, केळी, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि सबजाचं लिंबू सरबत. मोहरमचा मलिदा गव्हाचा, तो एकादशीला चालत नाही, म्हणून द्वादशीला सकाळी घरोघर वाटला.

भगरीबद्दल विशेष काळजी घ्यावी. मराठवाड्यात उपवासाच्या भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. ओल धरलेल्या भगरीवर बुरशी येते आणि तिचं विष शिजवूनही पुरतं जात नाही. आणि अशा कार्यक्रमात कुणाला उलटी झाली तर ‘त्यांनी काहीतरी घातलं’ ही अफवा गावाला पुन्हा मागं नेईल. म्हणून सुटी भगर आणि भगरीचं तयार पीठ दोन्ही घ्यायचं नाही. सीलबंद पुड्या, तारीख पाहून, एकाच दुकानातून, पक्क्या बिलासह. निवडून, धुऊन, उकळलेल्या पाण्यात शिजवायची आणि दोन तासांत संपवायची. प्रत्येक पदार्थाचा पावशेर नमुना स्वच्छ बरणीत वेगळा ठेवायचा. आरोग्य उपकेंद्राला आधी कळवून ठेवायचं. स्वयंपाकाला प्रत्येक वस्तीतल्या दोन बाया, हळद-मोहरी वर्ज्य, मीठ सैंधव.

चारशे माणसांसाठी हे लागलं: भगर २५ किलो (३,००० रुपये), शेंगदाणे १५ किलो (१,९५०), बटाटे २० किलो (५००), केळी ३५ डझन (१,४००), खजूर ८ किलो (१,६००), साखर २५ किलो (१,१००), लिंबू-सबजा-बर्फ ९००, पाण्याचे जार ६००, पत्रावळी-द्रोण १,२००, व्यावसायिक गॅस सिलिंडर १,७००, मंडप आणि सतरंज्या ४,५००, लहान साउंड १,५००. एकूण १९,९५० रुपये. पट्टी घरटी १०० रुपये, त्याहून जास्त कुणाकडून घेतली नाही. मोठी देणगी आली की तिच्यामागं फ्लेक्स येतो. २१० पावत्यांचे २१,००० जमले. ज्यांना शंभर जमत नव्हते त्यांनी पाणी भरलं, जागा झाडली, आणि त्यांनाही पावती दिली, रकमेच्या जागी ‘श्रम’ लिहून. उरलेले १,०५० रुपये पुढच्या कामाला. पावतीपुस्तकं दोन, प्रत्येकासोबत वेगळ्या वस्तीतले दोघं. हिशोब तिसऱ्या दिवशी चावडीवर लावला, बिलांच्या झेरॉक्ससह. तो वाचायला जेवढी माणसं थांबली तेवढी नोटिशीपुढं कधी पाहिली नव्हती.

काही माळकरी म्हाताऱ्यांनी शिजवलेलं घेतलं नाही. सोलायची केळी आणि खजूर त्यांच्यासाठी वेगळे ठेवलेच होते. ते ओळीत बसले, हे आम्हाला पुरेसं होतं. जबरदस्तीनं घास भरवला की माणूस पुढच्या वेळी येत नाही. रोजा सुटायच्या वेळी मैदानात जी शांतता झाली ती कुणी सांगून झाली नव्हती, आणि त्या वेळी आम्हा सगळ्यांचंच मन भरून आलं.

त्यानंतर

ऑगस्टातल्या पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून आधी कुणाचा बैल, यावरून अनेक गावांत डोकी फुटतात. आमच्याकडं मानाचा बैल सोडून बाकीचा क्रम शाळेतल्या मुलांनी काढलेल्या चिठ्ठ्यांवर ठरला. मानाच्या बैलाचा प्रश्न यंदा उकरला नाही.

२ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरबाबतचा (त्यातल्या जुन्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा) शासन निर्णय निघाला आणि पुन्हा ताण आला. एका बाजूला गुलाल, दुसऱ्या बाजूला काळजी. लगेच ५ ला ईद-ए-मिलाद, ६ ला अनंत चतुर्दशी. खातरजमेचे फोन त्या आठवड्यात सगळ्यात जास्त वाजले. गुलालाची मिरवणूक ओबीसी गल्लीतून न नेता मुख्य रस्त्यानं न्यायची, हे मराठा तरुणांनी स्वतःहून ठरवलं. आरक्षणाबद्दल गावात आजही टोकाची मतं आहेत आणि ती राहणार. दोन घरांची बोलचाल अजून बंद आहे, बटईच्या काढलेल्या जमिनींपैकी थोड्याच परत मिळाल्या, दूध केंद्रं दोनच आहेत.

सध्या हातात असलेलं काम स्मशानभूमीचं आहे. वस्तीच्या स्मशानभूमीच्या हद्दीवरून शेजारच्या शेतकऱ्याशी जुना वाद आहे. दोघांनी मोजणीला लेखी संमती दिली, ग्रामपंचायतीनं भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून शुल्क भरलं. मोजणीची तारीख अजून मिळायची आहे. ती आली की दोन्ही बाजूंचे दोन-दोन साक्षीदार, सातबारा आणि गावनकाशाची प्रत घेऊन बांधावर थांबायचं ठरलं आहे. हद्दीच्या दगडांचा खर्च गाव पट्टीतून करणार, पावती घरटी ५० रुपये.